लिफ्ट दोन तास बंद राहील

आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी होती. जाळीचं सरकतं दार, पितळी मूठ, आणि मूठ नेमकी कधी सोडायची हे फक्त एका माणसाला ठाऊक. दुसऱ्या कुणी चालवली तर ती मजल्याच्या वीतभर वर नाहीतर वीतभर खाली थांबायची आणि बाहेर पडणारे अडखळून एकमेकांच्या अंगावर पडायचे. तो माणूस म्हणजे आमचा लिफ्टमन. चाळिशीच्या आतला, किडकिडीत, मानेचा घाम पुसायला खांद्यावर कायम एक धुतलेला रुमाल. सगळे त्याला दादा म्हणायचे. मीही म्हणायचे.

मी पाचव्या मजल्यावर, दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. बावीस माणसं आणि एक साहेब. एका सकाळी लिफ्टमध्ये शिरताना मी फोनवर सहकाऱ्याला सांगत होते, "अरे, तो लूप थांबतच नाहीये. गिरणीच्या पट्ट्यासारखा फिरतोय नुसता." तेवढ्यात दार लागलं आणि फोन कटला. दादा मुठीवरचा हात न काढता म्हणाला, "मॅडम, आतमध्ये एक मिळवायचं राहिलं असेल."

"काय?"

"प्रत्येक फेरीला आकड्यात एक मिळवायचा असतो ना. तो मिळवला नाही तर फेऱ्या संपणार कशा?"

मी हसले. पाचवा आला, उतरले, जागेवर जाऊन पाहिलं. एक मिळवायची ओळ खरंच राहिली होती.

दुपारी खाली जाताना विचारलं, "दादा, हे कुठे शिकलात?"

"शिकतोय अजून. अकरा महिने झाले." त्याने खिशातला फोन दाखवला. काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलेला. "व्हिडिओ बघतो. समजलं नाही की परत बघतो."

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत चाळीस सेकंद लागायची. वर जाताना त्याने प्रश्न विचारायचा, खाली येताना मी उत्तर द्यायचं. गर्दी असली तर प्रश्न उद्यावर. कधी माझं उत्तर लांबायचं, तेव्हा तो तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लिफ्ट जरा हळू न्यायचा. सातव्या मजल्यावरचे वकील एकदा म्हणाले, "काय हो, लिफ्ट म्हातारी झाली का?" दादा म्हणाला, "नाही साहेब, विचार करतेय." महिन्याभरात मी मॅडमची ताई झाले.

त्याचे प्रश्न साधे नसायचे. अर्धा दिवस डोक्यात घोळवून, धार लावून आणलेले असायचे. एकदा त्याने विचारलं, "ताई, कंसात कंस, त्यात कंस असला की कुठला कुठे बंद होतो हे तुम्हाला कसं कळतं?"

मी म्हटलं, "अहो, स्क्रीनवर ते आपोआप वेगवेगळ्या रंगांत दिसतात."

"अच्छा. रंगांत." तो म्हणाला. आणि मान डोलावली, कामाची गोष्ट मिळाल्यासारखी.

मी त्याला माझी दोन जुनी पुस्तकं दिली. रोज सांगायचे, "घरी जाऊन चालवून बघा हं. नुसतं वाचून काही होत नाही, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही." तो "हो ताई" म्हणायचा. कशावर चालवून बघणार, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारावंसंच वाटलं नाही. माझ्या घरी दोन कॉम्प्युटर होते आणि तिसरा माळ्यावर पडला होता.

मग एक दिवस त्याने मला वॉचमन लोकांचं पाळीपत्रक दाखवलं. इमारतीला नऊ वॉचमन होते आणि पाळ्यांवरून त्यांची रोज तोंडं वाकडी. दादाने एक प्रोग्राम लिहिला होता. लागोपाठ दोन रात्री कुणाला नाहीत, रविवारची सुट्टी सगळ्यांना आळीपाळीने, आणि लहान बाळ असलेल्या एका बाईला रात्रपाळी कधीच नाही. कुणी आजारी पडलं की नाव काढायचं, पत्रक नव्याने तयार. तडा गेलेल्या काचेवर मी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. आमच्याकडे दोन वर्षं काम केलेल्या मुलांनाही ते इतकं नीटनेटकं जमलं नसतं.

"सुपरवायझर हेच वापरतात," तो म्हणाला. "वर त्यांचं नाव टाकतात, ते सोडा. पण भांडणं थांबली."

त्याच महिन्यात आमच्याकडे एक जागा निघाली. मी साहेबांशी बोलले. साहेब माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. "तुझा लिफ्टमन?" तो म्हणाला. "डिग्री नाही, काही नाही. बरं, बसव परीक्षेला. दीड तास, तीन प्रश्न. लिहिता आलं तर घेऊ, त्यात काय."

मी दादाला सांगितलं तेव्हा त्याने लिफ्ट मजल्याच्या चांगली हातभर वर नेली. पहिल्यांदाच चुकला होता.

परीक्षा बुधवारी अकराला होती. लिफ्ट दुसरं कुणी चालवू शकत नव्हतं, म्हणून सुपरवायझरने खाली पाटी लावली, "लिफ्ट दोन तास बंद राहील". कारण सगळ्या इमारतीला माहीत झालं होतं. वकीलसाहेब सात मजले चढून गेले आणि वाटेत धापा टाकत आमच्या दारात थांबून म्हणाले, "त्याला सांगा, पास नाही झालास तर माझे गुडघे भरून दे." दादाही जिन्यानेच आला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, रुमाल खांद्यावर नाही. त्या रुमालाशिवाय तो मला अनोळखीच वाटला.

काचेच्या खोलीत तिघे होते. दादा, आणि कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले एक मुलगा, एक मुलगी. मला दुसरीकडे बैठक होती. जाता जाता काचेतून पाहिलं तर दादा मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होता. मला वाटलं, विचार करतोय. त्याने वर पाहिलं, मी अंगठा दाखवला. तो हसला नाही.

साडेबाराला मी परत आले तेव्हा तो निघून गेला होता. खाली लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज येत होता. साहेबाने मला बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पाच ओळी. एकाही ओळीला धड कंस नाही, अवतरणचिन्हं नाहीत. जिथे कंस हवा तिथे नऊचा आकडा, कुठे एक, कुठे लागोपाठ दोन-तीन.

"याला काहीच येत नाही गं," साहेब म्हणाला. "व्हिडिओ बघून पाठ केलंय सगळं. चांगला माणूस आहे, पण तू जरा वाहवलीस."

आणि खरं सांगायचं तर, मला साहेबाचं पटलं. पाळीपत्रकाचा प्रोग्राम मी डोळ्यांनी पाहिला होता, त्याचे प्रश्न कित्येक महिने कानांनी ऐकले होते, तरी त्या पाच ओळी पाहिल्या आणि मनात आलं, दुसऱ्या कुणी लिहून दिला असेल का तो? सगळ्या ऑफिससमोर माझं हसं झालं याचीच मला जास्त टोचणी होती. संध्याकाळी मी जिन्याने उतरले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हातात सामान होतं म्हणून लिफ्टने गेले.

"होतं असं दादा," मी म्हटलं. "पुन्हा प्रयत्न करा." अनोळखी माणसाला म्हणतात तसं.

"हो ताई," तो म्हणाला. "तुमचं नाव खराब केलं मी."

मी "छे छे" म्हटलं आणि फोनकडे बघत राहिले. त्यानंतर त्याने प्रश्न विचारले नाहीत. मीही विचारा म्हटलं नाही.

पुढे सात-आठ महिन्यांनी नवी लिफ्ट बसवली, बटणं दाबायची. लिफ्टमनची गरज उरली नाही. शेवटच्या दिवशी मी बाहेरगावी होते. परत आले तर जुनी लिफ्ट काढणाऱ्या कामगारांनी एक कापडी पिशवी वॉचमनकडे दिली होती. ती छताच्या फळीमागे खुपसलेली सापडली होती. आत माझी दोन पुस्तकं होती, म्हणून वॉचमनने ती माझ्याकडे आणली.

पुस्तकांबरोबर सहा वह्या होत्या. शाळेच्या, रेघी. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हाताने लिहिलेले प्रोग्राम. प्रत्येकाखाली, तो चालवला तर काय उत्तर येईल, ते आधीच मांडून ठेवलेलं. शेजारी बरोबर किंवा चूक अशी खूण, फोनवर तपासून केलेली. एका वहीपासून पुढे सगळे कंस रंगीत पेन्सिलींनी लिहिलेले होते. बाहेरचा तांबडा, आतला निळा, त्याच्या आतला हिरवा.

मी खुर्चीत बसले ती उठेचना. कंस रंगांत दिसतात हे मीच सांगितलं होतं त्याला.

सहाव्या वहीच्या शेवटच्या पानावर परीक्षेच्या बुधवारची तारीख होती आणि खाली फक्त एक ओळ, "शिफ्ट दाबून धरायचं."

वॉचमनकडून पत्ता घेऊन मी रविवारी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन. त्याची बायको कपडे अल्टर करून द्यायची. ती मला बघून दचकली, मग ओळखलं. "तुम्ही पाचव्या मजल्यावरच्या ताई ना? बसा. हे येतीलच इतक्यात." तो आता पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होता.

मी वह्या काढल्या तसा तिने त्यावरून हात फिरवला. "कॉम्प्युटर कधी नव्हताच आमच्याकडे," ती म्हणाली. "कोपऱ्यावर तासाचे पैसे घेऊन कॉम्प्युटरवर बसू द्यायचे ते दुकान होतं, ते बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी म्हटलं होतं, त्या ताईंना सांगा, एखाद दिवस त्यांच्या ऑफिसात बसू देतील. तर म्हणाले, त्या रोज म्हणतात घरी चालवून बघा, त्यांना वाटतंय आपल्याकडे आहे. आता कुठल्या तोंडाने सांगू नाही म्हणून?"

तो आला. वह्या बघितल्या, मला बघितलं, आणि पाय धुवायला आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा रुमाल खांद्यावर होता.

"दादा, कीबोर्डला पहिल्यांदाच हात लावलात त्या दिवशी?"

"हो." तो थोडा हसला. "फोनवर येतं म्हणजे तिथेही येईल असं वाटलं. व्हिडिओत अक्षरं दिसतात ताई, बोटं कुठे दिसतात? आधी मी स्क्रीनलाच बोट लावलं. शेजारची मुलगी हसली. मग कंस सापडेना. नऊच्या डोक्यावर काढलेला दिसतोय, पण दाबला की नऊच उमटतो. आयुष्यभर शिफ्ट केल्या मी, सकाळची, दुपारची, रात्रीची. आणि जी लागत होती ती शिफ्ट सापडली नाही."

त्याची बायको हसली. मला हसता आलं नाही.

"मग कुणाला विचारायचं ना! नाहीतर कागद मागायचा. कागदावर लिहून दिलं असतंत."

"वीस मिनिटांत दिलं असतं," तो म्हणाला. "तिन्ही प्रश्न येत होते मला. पण तिथे सगळे मशीनवर बसलेले. मी उठून कागद मागितला असता तर तुम्हाला खाली बघायला लागलं असतं."

हे ऐकतानाही मी खालीच बघत होते.

मी म्हटलं, आता या, मी साहेबांशी बोलते, आधी महिनाभर आमच्याकडे हात बसवा. घरी एक कॉम्प्युटर पडलाय तो घेऊन येते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पक्की जागा आहे का ताई आत्ता?"

नव्हती. मी तसं सांगितलं.

"पंपघरात मी पुढच्या महिन्यात पक्का होतोय. आईचं औषधपाणी तिथूनच मिळतं. पुन्हा परीक्षा, पुन्हा सहा महिने कच्चं... आता नाही जमणार. आणि खरं सांगू? ते डोक्यातून गेलंय. पंपाचा आवाज फार असतो. आधी मला रिकामी लिफ्ट मिळायची, त्यात विचार व्हायचा." मग त्याने वरची वही उचलून माझ्या हातात दिली. "एक करा. साहेबांना हे दाखवा. नोकरी नको. फक्त सांगा की मला येत होतं."

सोमवारी मी वही घेऊन साहेबाच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. शिफ्टचं, कागदाचं, रंगीत पेन्सिलींचं. तो कुठेतरी निघाला होता, एक हात कोटाच्या बाहीत. उभ्या उभ्या त्याने दोन पानं उलटली.

"अक्षर छान आहे गं," तो म्हणाला आणि वही माझ्या हातात देऊन निघून गेला.

ती वही अजून माझ्या खणात आहे. साहेब काय म्हणाले, हे दादाने दोनदा फोन करून विचारलं. दोन्ही वेळा मी सांगितलं की ते बाहेरगावी आहेत.