बेल वाजवली की भोईरमामा थांबत

बेल वाजवली की भोईरमामा मनात चाळीसपर्यंत मोजत. ओठ हलायचे नाहीत, पण मान बारीक डोलायची, त्यावरून मला कळायचं की आता सव्वीस चाललंय. मला नोकरीला लागून चार दिवस झाले होते आणि माझा जीव दहालाच वर यायचा. "मामा, कुणी नाहीये घरात, चला ना," मी म्हणायचे. ते बोट वर करून मला गप्प करायचे. आणि काय सांगू, पस्तीस-छत्तीसला आतून चपला घासल्याचा आवाज यायचा, कडी निघायची आणि एखादी पंचाहत्तरीची आजी दारात उभी राहायची. "पलंगावरून उठायचं, चष्मा शोधायचा, गुडघा सरळ करायचा," मामा जिना उतरताना म्हणायचे, "चाळीस लागतात गो बाय. तू विसाला निघालीस तर तू 'दार बंद' लिहून मोकळी, आणि ती बिचारी उघड्या दारात उभी."

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही कुणाची बेल वाजवली की मला आपोआप एक, दोन, तीन सुरू होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्यांनी पस्तीसेक वर्षं टपाल वाटलं. राहायला बदलापूरला मांजर्लीत, मूळचे तिथलेच, शेती करणाऱ्या आग्री घरातले. मी अंबरनाथची. परीक्षा देऊन टपाल खात्यात लागले तेव्हा आमच्या बाबांची समजूत अशी की, मुलगी पंख्याखाली बसून शिक्के मारणार. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्याला झोळी लागली आणि मला भोईरमामांच्या हवाली केलं. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. तेवढ्यात मला त्यांची बीट, म्हणजे रोज टपाल वाटायचा त्यांचा ठरलेला भाग, शिकवायची आणि मग ती माझी. कुणीतरी म्हणालंच, "मुलगी? या गल्ल्यांमध्ये?" मामांनी वर न बघता विचारलं, "पाय हायत ना तिला?" माझी मुलाखत तिथेच संपली.

सकाळी ऑफिसात ते मोठ्या टेबलावर पत्रं मांडत बसायचे. मी हुशार! मी सगळी पत्रं नंबरवार लावून दिली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. मामांनी गठ्ठा हातात घेतला, पत्त्यांच्या पानांसारखा पिसला आणि परत माझ्यासमोर ठेवला. "नंबराने नको लावू, पायाने लाव. ज्या दारात आधी पोचशील ते वर." कारण कॅम्प पाचमध्ये नंबर शेजारी शेजारी असतील याची काहीच खात्री नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांना ज्या बराकी राहायला मिळाल्या, त्यातल्या कितीतरी पाडून तिथे चार-चार मजली इमारती झाल्यात, पण पत्रावर अजून बराक नंबरच येतो. बराक गेली, नंबर राहिला. पहिले पंधरा दिवस मी रोज रडकुंडीला यायचे.

अशा वेळी पत्ता कुणाला विचारायचा, यावरही त्यांचं मत पक्कं होतं. वॉचमनला नाही, कारण तो सहा महिन्यांनी बदलतो. शेजाऱ्याला तर मुळीच नाही, कारण शेजारी आधी "क्या आया है?" विचारतो. विचारायचं इस्त्रीवाल्याला. कुठल्या खोलीत कोण राहतं, कोण सोडून गेलं, कोण परत आलं, हे त्याला कपड्यांवरून ठाऊक असतं. एकदा एका पत्रावर नुसतं नाव, कॅम्प आणि 'गिरणीच्या मागे' एवढंच होतं. मी 'पत्ता अपुरा' लिहायला पेन काढलं. मामांनी इस्त्रीवाल्याकडे नेलं. त्याने नाव ऐकलं आणि न बोलता गठ्ठ्यातला एक कुर्ता उचलून दाखवला. तो कुर्ताही आम्हीच पोचवला.

उन्हाळ्यात सिंधी घरात गेलं की पाण्याबरोबर भाजलेला पापड येतो. मी सुरुवातीला संकोचून "नको नको" करायचे. मामा वैतागले. "पापडाला नाय म्हणायचं नाय, पण बसायचं पण नाय. उभ्याने खायचा, पाणी प्यायचं, निघायचं. बसलीस की त्या घराची झालीस, मग बाजूवाल्याला वाटतं याचं टपाल आधी येतं." तिथले लोक त्यांना आदराने 'साईं' म्हणायचे. आग्री माणसाच्या तोंडून सिंधी ऐकायला मजा यायची. दहा शब्द यायचे, पण ते इतक्या झोकात टाकायचे की समोरचा भडाभडा सिंधीत सुरू व्हायचा आणि मग मामा खुशाल मान डोलवत उभे!

दारात नेहमीपेक्षा जास्त चपला दिसल्या तर बेलला हात लावायचा नाही, आधी कान द्यायचा. आत लग्नाची बोलणी असतील तर बिनधास्त जायचं, रडणं असेल तर कोपऱ्यावर थांबून कुणी बाहेर आलं की हळूच द्यायचं. आणि कुणाला कुठून काय आलं, ते आपल्या तोंडून कधी बाहेर पडू द्यायचं नाही. या एका बाबतीत त्यांनी मला झापलं होतं. मी आपली एका मुलीला बघून लांबूनच आनंदाने ओरडले होते, "दीदी, आपका पासपोर्ट आया!" झालं! मामांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं यांना चक्कर आली. "तिने घरात सांगितलंय का, तुला काय माहीत?" एवढंच म्हणाले.

पावसाबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मांजर्लीत उल्हास नदीचं पाणी दोनदा त्यांच्या घरात शिरलं होतं. ते घरातल्या दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, वर्षभर जमवायचे आणि जूनपासून एकेका गल्लीचं टपाल एकेका पिशवीत बांधायचे. माझ्याकडे चांगला रेनकोट होता, झोळीला कव्हर होतं. तरी मलाही पंचवीस पिशव्या मिळाल्या, व्यवस्थित घड्या घातलेल्या.

आता ती गोष्ट सांगते, जी सांगताना माझे कान अजून गरम होतात.

आमच्या बीटवर एक जुनी बराक अजून उभी होती. तिच्यातल्या सहा नंबरच्या खोलीचे दोन भाग झाले होते. पुढच्या भागात मोहिनीआंटींच्या नवऱ्याचा पुतण्या राहायचा, मागच्या भागात आंटी एकट्या. आंटी विधवा, मूलबाळ म्हणजे अंबरनाथला दिलेली एक मुलगी. त्या अर्ध्या खोलीत त्या पापड लाटायच्या आणि त्यावरच त्यांचं चालायचं. दोन दारं, दोन चुली, पण पत्त्यावर दोघांनाही खोली नंबर सहाच. पुतण्याला अख्खी खोली हवी होती, कोर्टात दावा चालू होता. मामांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "आंटीचं टपाल मागच्या दाराने. पुढच्या दारात चुकून पण नाय."

एके दिवशी मामा त्यांच्या भाच्याच्या हळदीसाठी रजेवर होते. आग्र्यांची हळद, म्हणजे रजा हवीच! मी पहिल्यांदा एकटी निघाले. आंटींच्या नावाचं रजिस्टर पत्र होतं, कोर्टाकडून आलेलं. मागच्या गल्लीत गटार तुंबून घोटाभर पाणी साचलं होतं. मी पाण्याकडे बघितलं, माझ्या नव्या बुटांकडे बघितलं, आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. पुतण्या बाहेर आला. "आंटी सोयी हैं, मैं दे दूँगा," म्हणाला. घरचाच माणूस, खोलीचा नंबर तोच. मी पोचपावतीचं कार्ड पुढे केलं, त्याने सही केली, मी निघाले. अगदी खरं सांगायचं तर मला मामांचं सांगणं आठवत होतं. आठवत असूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कालची कार्डं बघत बसले होते. एका कार्डावर थांबले. "ही सही कोणाची?"

"आंटींची," मी म्हटलं. मग म्हटलं, "म्हणजे, त्यांच्या घरच्यांची."

"आंटी सिंधी शाळेत शिकलेली, तिची लिपी उर्दूसारखी. तिची सही उजवीकडून डावीकडे जाते." त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं. त्यावर इंग्रजीतली झोकदार सही होती. "तिला कागद आलाय हे तिला माहीतच नाय. तारखेला ती गेली नाय तर कोर्ट एकट्या पुतण्याचं ऐकणार. म्हातारीची खोली गेली तर ती पापड कुठे लाटणार, रस्त्यावर?"

मी म्हटलं, मामा, तुम्ही जा ना, तुमचं ऐकतील. ते म्हणाले, "मी येतो. पण बोलणार तू."

पुढच्या दारात पुतण्याने सरळ हात झटकले. "कौन सा कागज? मेरे पास कुछ नहीं है." मी काय बोलले ते मला धड आठवतही नाही, "भैया, मेरी गलती हुई" एवढं तीन-चारदा म्हटलं असेन. मामा ओट्यावर टेकले, पहिल्यांदाच कुणाच्या दारात बसलेले बघितले मी त्यांना. ते शांतपणे म्हणाले, "साईं, नाय है तो नाय है. हम पीछे जाके आंटी को बोलता है, कागज आया था, इस नंबर का, कोर्ट का, और किसने सही किया. बाकी वो कोर्ट में जाके पूछेगी." आवाज चढला नाही, की धमकीचा सूर नाही. पुतण्याच्या मागून त्याची बायको आली आणि तिने पाकीट माझ्या हातात ठेवलं. फोडलेलं होतं. तारीख सोमवारची होती, आणि त्या दिवशी गुरुवार.

मग आम्ही त्या घोटाभर पाण्यातून मागच्या दारात गेलो. मी आंटींना सगळं सांगितलं, पाण्याचं आणि बुटांचंसुद्धा. त्या लाटणं हातात घेऊन ऐकत होत्या. मग जो तोंडाचा पट्टा सुटला त्यांचा! हिंदी, सिंधी, जे सापडेल त्यात. माझी खोली म्हणजे तुला काय खेळ वाटला का, माझ्या नवऱ्याने या भिंती स्वतः लिंपल्यात, तुझे बूट इतके महाग आहेत का. मामा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मी रडले, तरी नाही. सोमवारी आंटी मुलीला घेऊन कोर्टात हजर राहिल्या आणि त्यांचं म्हणणं लिहून घेतलं गेलं.

मला वाटलं, सुटलो! पत्र पोचलं, आता हे इथेच मिटवू. मामा म्हणाले, "कार्डावरची सही अजून खोटीच हाय. लिहून दे साहेबांना." मी हादरले. नोकरी पक्की व्हायची होती माझी. मी कळवळून म्हटलं, "मामा, तुम्ही तुमच्या नावावर घ्या ना. तुम्हाला काय करणारेत आता, दोन आठवड्यांनी तर चाललात." हे बोलले मी त्या माणसाला! त्यांना राग आला नाही. म्हणाले, "मी घेतली तर तू ती वर्षात विसरशील. तुझी चूक तुझ्याकडेच राहू दे, कामाला येईल." मी लिहून दिलं. लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. पण दोन दिवस मी मामांशी बोलले नाही. दुष्ट माणूस आहे असं घरी आईलाही सांगितलं. ते मात्र रोजच्यासारखे बेल वाजवून मोजत उभे राहायचे.

त्यांच्या शेवटच्या दिवशी आम्ही पूर्ण बीट एकत्र फिरलो. टपाल थोडंच होतं, पण मामा टपाल नसलेल्या दारांवरही थांबले. प्रत्येक ठिकाणी माझी ओळख करून द्यायचे. "ये अब आयेगी. अच्छी लड़की है. इसको पानी देना." लोक त्यांच्या पाया पडत होते, हातात मिठाई कोंबत होते, आणि माझ्याकडे जरा संशयानेच बघत होते. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. पस्तीस वर्षांचा माणूस जाऊन कालची पोरगी आली तर मीही तसंच बघितलं असतं.

मग आंटींच्या मागच्या गल्लीत वळलो. मी चार पावलं मागेच राहिले. आंटी दारात पापड वाळत घालत होत्या. मामांनी सुरुवात केली, "आंटी, कल से मैं नाय. ये मेरी जगह..."

"इसका मुझे क्या बताते हो, साईं?" आंटींनी त्यांना तिथेच तोडलं. मी मान खाली घातली. "इसको तो मैं तुमसे ज़्यादा जानती हूँ. बिगाड़ के छुप जाने वाले मैंने घर में ही देखे हैं. ये पानी में चल के आयी, खुद मुँह से बोली, और मेरी गालियाँ खा के खड़ी रही." मग माझ्याकडे बघून, तशाच फटकळ आवाजात, "मेरा कागज अब तू ही लायेगी. और किसी के हाथ में मैं लूँगी नहीं. समझी?"

मी मान हलवली. मामांनी रुमालाने तोंड पुसलं आणि पुढे निघाले. त्या दोन दिवसांच्या अबोल्याची मला इतकी लाज वाटली की भर गल्लीत त्यांचे पाय धरावेत असं झालं. धरले नाहीत. धरायला हवे होते.

त्यानंतरच्या घराची बेल मामांनी वाजवली आणि ते बाजूला सरकून भिंतीला टेकले. दार उघडलं. आतल्या माणसाने आधी मामांकडे बघितलं. मामा मुद्दाम वरच्या पत्र्याकडे बघत होते, जणू आपला काही संबंधच नाही. मग त्या माणसाने माझ्याकडे बघून विचारलं, "कौन?"

मी म्हटलं, "पोस्टमन."