यशवंतपूरच्या फलाटावर जमलेली सोयरीक

मी ओळख नसतानाही लोकांच्या चौकशा करते, म्हणून माझा मुलगा माझ्याबरोबर लिफ्टमध्ये यायचंही टाळतो. बंगळुरूला आल्यावर शेजारच्या अक्कांना मात्र ही सवय फार आवडली. त्यांच्या बायकांच्या गटाचं कामच तसं होतं. नोकरीच्या आमिषानं शहरात आणलेल्या मुली स्टेशनवरच हेरायच्या आणि पोलिसांना कळवायचं. मराठी बोलणारी बाई त्यांना हवीच होती.

एका सकाळी अक्का आणि मी यशवंतपूर स्टेशनवर उभ्या असताना सोलापूरकडची गाडी आली. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला आणि मागून पंधरा-सोळा वर्षांची मुलगी.

"माझा फोन द्या ना, आईला सांगते पोचले म्हणून."

"नंतर," तो म्हणाला.

अक्का पोलिसांना फोन लावायला बाजूला गेल्या आणि मी पुढे झाले.

"अगबाई, मराठी का तुम्ही? ही कोण तुमची?"

"भाची."

"सख्खी? म्हणजे बहिणीची! कुठं दिलीय बहीण?"

"बार्शीला."

"आम्ही तर उमरग्याचे," मुलगी पटकन म्हणाली.

त्यानं बॅगेला हात घातला, पण तोवर अक्का परत येऊन बॅगेवर बसल्या होत्या. "स्वल्प बसते हं. गुडघे फार दुखतात."

अक्कांना उठवणं काही सोपं नव्हतं. तरी तो निघालाच असता. मग मी शेवटचा बाण सोडला.

"तुमचं लग्न झालंय का हो? आमच्या नात्यात एक मुलगी आहे."

तो थांबला. केसांवरून हात फिरवत म्हणाला, "काय करते मुलगी?"

"बँकेत आहे."

"गोरी आहे?"

एवढ्यात मागून दोन महिला पोलीस आल्या. मी म्हटलं, "घ्या, मुलीकडची माणसं आलीच!"

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मुलीला पार्लरमधली नोकरी सांगून आणलं होतं. आई धावत आली, पण गावात ज्यानं हे जुळवलं तो अजून मोकळा फिरत होता. म्हणून मुलगी काही महिने इथल्याच बालगृहात राहिली. मी खाऊ घेऊन गेले, तर म्हणाली, "तुम्ही माझी नोकरी घालवलीत." आणि पाठ फिरवली. मला फार लागलं. तरी जात राहिले. पोरीनं स्वप्न बघितलं होतं, तिचं काय चुकलं?

पुढं गटातली एक पार्लरवाली तिथं शिकवायला जाऊ लागली. एके दिवशी मुलगी स्वतःहून माझ्याशी बोलली.

"बसा. तुमच्या भुवया करते."

आरशात बघते तर डावी भुवई निम्मी गायब! ती ओठ दाबून हसत होती.

"सरी, बिडी, जाऊ द्या हो," माझ्याबरोबर आलेल्या अक्का म्हणाल्या. "भुवई काय, येते परत."

मी डोळे मिटले आणि उजवी भुवई पुढे केली.