डाव्या खिशातले चार सेल

फोटोग्राफरकडे दोन गोष्टी साठत जातात, फोटो आणि किस्से. फोटो हार्ड डिस्कवर असतात, त्यामुळे ते कधीतरी उडतात. किस्स्यांना बॅकअप लागत नाही. लग्नात जेवणाची पंगत बसली की आम्ही कॅमेरेवाले मंडपाच्या मागे घाम पुसत उभे राहतो, आणि कुणीतरी म्हणतं, "तो नानांचा किस्सा सांग रे." मग पंगत उठते, दुसरी बसते, तरी आमचं संपत नाही.

नाना म्हणजे माझे मालक. शेवगावात त्यांचा स्टुडिओ आहे, आणि मी चौदा वर्षं त्यांच्याकडे फोटो काढतोय. व्हिडिओला बबन असतो. बबनचा कॅमेरा चांगला चालतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं.

आता नानांचे सगळे किस्से फ्लॅशच्या सेलचेच का? कारण नानांचा जीव कॅमेऱ्यात नाही, लेन्समध्ये नाही, सेलमध्ये आहे!

*

आमच्या फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात, चार्जिंगचे. चारातला एक मेला की चारही मेल्यासारखेच. म्हणून नाना सेल कधी मिसळू देत नाहीत. चार-चारांचे सेट, प्रत्येक सेटला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी, आणि प्रत्येक सेटला नाव. लाल पट्टीचा 'थोरला', निळ्याचा 'मधला', हिरव्याचा 'धाकटा'.

एक सेट मात्र फार विचित्र होता. चार्जरवर लावला की पाच मिनिटांत हिरवा दिवा. फ्लॅशमध्ये घातला की पहिला उजेड झकास. आणि ऐन हार घालायच्या वेळी गुल!

त्याचं नाव नानांनी 'आमदार' ठेवलं होतं.

एकदा खऱ्याखुऱ्या आमदारांच्या सत्कारात स्टेजवरून नाना माझ्यावर ओरडले, "अरे, त्या आमदाराला बाहेर काढ, काही कामाचा नाही तो!" माईक चालू होता. त्या सेटचं नाव आम्ही त्याच दिवशी बदललं. आता त्याला 'साहेब' म्हणतो.

*

भरलेले सेल नानांच्या पँटच्या डाव्या खिशात, उतरलेले उजव्या. हा नियम देवळात गेले तरी मोडत नाही. डावा खिसा कधी रिकामा नसतो. सासऱ्यांच्या दहाव्यालासुद्धा त्यांच्या डाव्या खिशात चार सेल होते. पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा बबन हळूच म्हणाला, "नाना, फ्लॅश मारून बघायचा का?"

घरी सेल ठेवायला डबा आहे. भरलेल्यांचं टोक वर, उतरलेल्यांचं खाली. एवढं सोपं. एका रविवारी सिंधूकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, कपाट आवरायला काढलं. त्यांना डब्यातले अर्धे सेल उलटे दिसले. त्यांनी सगळे छान सरळ केले!

सोमवारी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं सायकल वाटप होतं. शाळेच्या मैदानात मंडप. मुली अकरा, सायकल एक. "बाकीच्या रस्त्यात आहेत," असं सांगण्यात आलं. त्यामुळे योजना अशी, की सायकल द्यायची, फोटो काढायचा, सायकल परत घ्यायची, पुढच्या मुलीला द्यायची.

आणि नानांच्या डाव्या खिशात भरलेल्या-उतरलेल्यांची मिसळ! एक उजेड पडला की पुढच्याला वीस-वीस सेकंद लागायला लागले. नाना ओरडायचे, "साहेब, सोडू नका! फ्लॅश भरतोय!" साहेब हसरा चेहरा करून कॅरिअर धरून उभे. पोरगी हँडल धरून उभी. दोघांचीही सायकल ओढायची इच्छा स्पष्ट दिसत होती.

दहा मुलींना दहा वेळा सायकल मिळाली आणि दहा वेळा गेली. अकरावी आली. तिनं सगळं नीट बघितलं होतं. तिनं नानांना विचारलं, "फोटो झाला का?"

नाना म्हणाले, "झाला, झाला."

"मग जाऊ?" असं म्हणून ती सायकलवर बसली आणि निघाली! साहेब कॅरिअर धरून चार पावलं पळाले, आणि नेमका त्याच वेळी फ्लॅश पूर्ण भरला. दिवसभरातला नीट उजेडाचा तो एकच फोटो. कार्यकर्त्यांनी नानांना तो तिथंच डिलीट करायला लावला. मोबाईलवर मी त्याची कॉपी आधीच घेतली होती. मन उदास झालं की अजून बघतो.

घरी नानांनी काकूंवर आवाज चढवला. काकू शांतपणे म्हणाल्या, "उलटं दिसलं म्हणून सरळ केलं. चोवीस वर्षं हेच करतेय. तेव्हा नाही बोललात!"

*

पाथर्डीकडचं एक लग्न. मुहूर्ताला अर्धा तास होता आणि 'धाकट्या' सेटमधला एक सेल मेला. बाकीचे सेट आधीच उजव्या खिशात गेलेले. डाव्या खिशातले चार मंगलाष्टकांसाठी राखून ठेवलेले, त्यांना हात लावायचा नाही. दुकान लांब. नानांनी हॉलमध्ये इकडेतिकडे बघितलं, खुर्ची घेतली, वर चढले आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळातला सेल काढला.

फ्लॅश चालू झाला. नाना खूश. फोटोवर फोटो.

गुरुजींचा डोळा त्याच घड्याळावर. कुणी घाई केली की ते वर बघायचे आणि म्हणायचे, "अवकाश आहे अजून." पुन्हा कुणी विचारलं, पुन्हा "अवकाश आहे." शेवटी नवऱ्याचा मामा मोबाईल नाचवत आला. "अवो गुरुजी, मुहूर्त गेला की! घड्याळ बंद हाय ते!"

गुरुजींनी चष्मा वर केला. "बंद? कधीपासून?"

व्हिडिओ काढता काढता बबन म्हणाला, "नानांच्या फ्लॅशमध्ये गेल्यापासून!"

ते जोडपं आज सुखात आहे, म्हणून मी मुहूर्ताबद्दल काही बोलत नाही.

*

आता जरा आतली गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही, आणि सांगताना मला थोडी लाजही वाटते.

हल्लीच्या कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं. पण माणसांना ते पटत नाही. स्टेजवर नवरा-नवरीशेजारी उभा राहिलेला माणूस उजेड पडल्याशिवाय खाली उतरत नाही. फोटो शंभर काढा, फ्लॅश नाही पडला तर "आमचा राहिला" म्हणून तिथंच उभा! उजेड हा मान आहे. ज्याला नाही पडला, त्याचा अपमान.

मग नानांनी काय करावं? फ्लॅशला मागच्या बाजूला एक छोटं बटण असतं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो, फोटो निघत नाही. पॉवर सगळ्यात कमी ठेवली की सेलही संपत नाहीत, आणि कॅमेऱ्याचं शटर झिजत नाही ते वेगळंच. रोलच्या काळात नानांच्या गुरूंनी हे शिकवलं, फिल्म वाचवायला. नानांनी आम्हाला शिकवलं. याला आम्ही 'रिकामा' म्हणतो.

नवरीचे आईबाप, सख्खे भाऊ, पुढारी, यांना 'भरलेला', म्हणजे खरा फोटो. भावकी, शेजारी, लांबून एसटीनं आलेले, साध्या साडीतल्या बायका, यांना रिकामा. "झालं, पुढचे या!" सगळे हसत उतरायचे. मीही ते बटण शेकडो वेळा दाबलंय.

ओळखायचं कसं? सोपं आहे. भरलेला फ्लॅश पडला की आतून बारीक 'कुंई' असा आवाज येतो, सेल पुढच्या उजेडाची तयारी करत असतात. रिकाम्यानंतर काहीच येत नाही. पण हॉलमध्ये बँड वाजत असताना ती 'कुंई' ऐकणार कोण? नाना अभिमानानं म्हणायचे, "अख्ख्या तालुक्यात हा फरक कळणारा एकच कान आहे, माझा!"

*

एकदा मात्र पंचाईत झाली. गावाकडचे तात्या नावाचे एक गृहस्थ, सत्तरीचे, भाचीच्या लग्नानंतर आठ महिन्यांनी स्टुडिओत आले. अल्बम तीनदा बघितला म्हणाले, आपला फोटो नाही. बायको, मुलं, सुना धरून नऊ जण स्टेजवर गेले होते. "उजेड पडला हुता. म्या सोता बघितला."

रिकामा मी मारला होता. मी खाली बघत राहिलो.

नाना मात्र पटकन म्हणाले, "तात्या, तो फोटो काढून टाकावा लागला. तुमचे डोळे मिटले होते."

"माझे?"

"हो."

"अन् बाकीच्यांचे?"

"त्यांचेही."

तात्यांनी बोटं मोजली. "नवाच्या नवांचे?"

"नवाच्या नवांचे!" नाना म्हणाले.

तात्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. उलट म्हणाले, "आमचंच चुकलं म्हना की. लई लाजरी जात आमची."

त्या दिवसापासून तात्यांच्या घरात नियम झाला. फोटोत डोळे मिटायचे नाहीत! कुठल्याही लग्नात ते नऊ जण स्टेजवर आले की भुवया कपाळावर, डोळे बटाट्याएवढे. बारकी नातसुद्धा. बबन त्या फोटोंवर झूम करून पोट धरून हसतो. मीही हसायचो. नाना हसायचे नाहीत, पण खरं काय ते सांगायचेही नाहीत.

*

आता शेवटचा. हा आम्ही फक्त नाना जवळपास नसताना सांगतो.

गेल्या वर्षी नानांच्या राणीचं लग्न झालं. एकुलती एक मुलगी. जावई नगरच्या सावेडीचा. त्याच्या घरच्यांचा आग्रह, फोटोग्राफर आमच्याकडचाच राहील. नानांनी ते मानलं. मी आणि बबन आयुष्यात पहिल्यांदा लग्नात पाहुणे म्हणून गेलो आणि हातांचं काय करायचं ते आम्हाला कळेना.

नाना दिवसभर पळत होते. पाण्याचे जार, आचारी, पाहुण्यांच्या गाड्या. कन्यादानाचा मान त्यांनी थोरल्या भावाला आणि वहिनींना दिला. आपला फेटाही त्यांनी कुणा पाहुण्याला बांधला. अंगावर साधा पांढरा शर्ट, घामानं भिजलेला. सावेडीच्या फोटोग्राफरला वाटलं, नवरीचे वडील म्हणजे ते थोरले.

दुपार कलली. राणीची निघायची घाई सुरू झाली, तेव्हा काकूंनी नानांचा हात धरला. "तुमचा अन् तिचा एकसुद्धा फोटो नाही. चला."

दोघं स्टेजवर गेले. राणीला मध्ये घेतलं. नानांनी शर्ट सारखा केला, केसांवरून हात फिरवला. चौदा वर्षांत मी त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्यांनाही कळत नव्हतं! मागे रांगेत पुढचा नंबर तात्यांचा होता. नऊच्या नऊ जण डोळे ताणून तयार.

फोटोग्राफरनं फ्लॅशच्या मागच्या लाल दिव्याकडे बघितलं. त्याचे सेल संपत आले होते. समोर कोण, तर पांढऱ्या शर्टातला एक घामाघूम माणूस. त्याचा अंगठा फ्लॅशच्या मागे गेला. मी तो अंगठा बघितला.

उजेड पडला. बँड तेव्हा जेवत होता, त्यामुळे हॉल शांत होता.

'कुंई' आली नाही.

"झालं! नेक्स्ट!"

नाना जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघितलं त्यांनी. समोर अर्धं शेवगाव खुर्च्यांवर बसलेलं, आणि त्यातल्या निम्म्यांना आम्ही रिकामे मारलेले. एक शब्द बोलले असते तर धंद्याची अब्रू गेली असती. नसते बोलले, तर लेक फोटोशिवायच गाडीत बसली असती.

"काका, झालं. उतरा ना," फोटोग्राफर म्हणाला.

राणी म्हणाली, "बाबा?"

नानांनी डाव्या खिशात हात घातला. लाल पट्टीचे चार सेल बाहेर काढले, 'थोरला' सेट. स्टेजच्या कडेला येऊन ते त्याच्या हातात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे घाल. आणि या वेळी फोटोपण काढ."

त्या माणसाचा चेहरा उतरला. त्यानं मुकाट्यानं सेल बदलले. नाना परत जाऊन राणीशेजारी उभे राहिले. उजेड पडला, खटकन शटर वाजलं, आणि मागोमाग स्वच्छ 'कुंई'. काकू रडायला लागल्या होत्या.

रांगेतून तात्यांनी विचारलं, "नाना, आदी पडला की उजेड! मंग दोनदा कशापाई?"

नाना त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "नुसता उजेड होता तो, तात्या. फोटो नव्हता."

तात्या उभेच राहिले. आधी नानांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या फ्लॅशकडे. त्यांचे ताणलेले डोळे हळूहळू रोजच्यासारखे झाले. मग ते मागे वळून आपल्या आठ जणांना म्हणाले,

"अरं, आपन त्या दिवशी डोळे मिटलेच नव्हते!"