घण उचललेला बिरजू

बिरजू लोहाराचं दुकान आरमोरीत बाजाराच्या मागच्या रस्त्याला आहे. वर पत्रे, खाली माती, मधोमध ऐरण. बत्तीस वर्षं या ऐरणीवर दोन माणसं काम करतात. बिरजू बसून डाव्या हाताने सांडशीत लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या हातोडीने घाव कुठे पाहिजे ती जागा दाखवतो. समोर उभी राहून त्या जागेवर घण मारते ती भागीरथा, त्याची बायको. घण पाच किलोचा. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून एक कुऱ्हाड काढायची तर दीडशे घाव लागतात. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला आहे.

दुकान मात्र बिरजूचं म्हणून ओळखलं जातं. त्यात बिरजूला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

माघात निकेश आला. चंद्रपूरचा, तिशीतला, लोहारांचे फोटो जमवण्याचा नाद असलेला. त्याला चंद्रपुरात प्रदर्शन लावायचं होतं. आधी त्याने मोबाइलवर आपल्या आवडीचे फोटो दाखवले. गावोगावचे लोहार, त्यांच्या भट्ट्या, त्यांची हत्यारं. बिरजू हात पुसून पाहत बसला. खोट्या जागा त्याला लगेच दिसत होत्या. एका भट्टीत नुसता जाळ होता, कोळसा फुललाच नव्हता. दुसऱ्या फोटोत एवढ्याशा विळ्यावर एकाने डोक्यावरून घण उचलला होता. तो घाव खरंच बसता तर विळ्याचे दोन तुकडे झाले असते. बिरजूने हसून ते बोलूनही दाखवलं. पण तेच फोटो त्याने तीन-तीनदा मागे सरकवून पाहिले. सगळ्यांत पुरुष उभा होता, घण वर, दंडाच्या शिरा फुगलेल्या. बसलेला एकही नव्हता.

निकेशने कॅमेरा काढला आणि म्हणाला, रोज करता तसंच करा, मी मध्ये बोलणार नाही. भट्टीत कुऱ्हाडीचं पातं लाल झालं होतं. बिरजूने ते ऐरणीवर आणून ठेवलं. भागीरथाने पदर खोचून घण उचलला. बिरजू बसला नाही.

"तू जराशी बाजूले हो," तो म्हणाला.

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने घणासाठी हात पुढे केला. तिने घण दिला आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली, पार आड, साडीचा काठही दिसू नये अशी.

फोटो निघेस्तोवर पातं काळं पडलं. सांडशी खाली जमिनीवर. ऐरणीवर थंड लोखंड, त्याला धरणारं कोणी नाही, आणि वर घण उचललेला बिरजू. मूठही चुकली. दोन्ही हात दांड्याच्या टोकाशी. घण उचलताना एक हात वर सरकवून घ्यावा लागतो, नाहीतर वजन पेलत नाही. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्याने श्वास रोखून दंड फुगवला.

निकेशने विचारलं, बाईसुद्धा काम करतात का?

"करते थोडंफार," बिरजू म्हणाला. "भाता-गिता चालवते."



त्याच आठवड्यात प्रदर्शनाच्या बातमीसोबत तो फोटो पेपरात छापून आला. चैत्रात प्रदर्शन भरलं. बिरजूचा सत्कार ठरला, आणि निकेशने दोघांनाही यायला सांगितलं. दारातच बिरजूचा फोटो लावला होता, माणसाहून उंच. लोक त्याच्यापुढे उभे राहून मोबाइलमध्ये आपले फोटो काढत होते. आत कोपऱ्यात वहीएवढा एक फोटो होता. त्यात चिमूरचे नूरुद्दीन लोहार सांडशी धरून बसले होते, आणि त्यांची बायको सुरय्या पाठमोरी घण मारत होती. तिथे कोणी थांबत नव्हतं. भागीरथा थांबली. बराच वेळ थांबली. बिरजूला तिच्याशेजारी जाऊन उभं राहवेना.

नूरुद्दीन स्वतः आले होते. ते दारातल्या मोठ्या फोटोजवळ गेले, चष्मा चढवून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि साधेपणाने म्हणाले, "बिरजूभाऊ, लोखंड तर थंडं दिसून राह्यलं. आन् सांडशी कोणी धरली?"

आजूबाजूला चार-पाच माणसं होती. निकेशही होता. बिरजूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"मीच धरली होती, भाऊ," भागीरथा म्हणाली. "फोटोत नाई आली."

नूरुद्दीननी तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. सुरय्याची तब्येत बरी आहे एवढं सांगून ते दुसऱ्या फोटोकडे वळले.

शाल बिरजूच्या अंगावर पडली. माइक पुढे आला तेव्हा तो "सगळ्यायचे आभार" एवढंच म्हणून खाली बसला. लोकांना तो साधा माणूस वाटला. टाळ्या जास्तच वाजल्या.

परतीच्या एसटीत तो शाल पिशवीत कोंबून बसला होता. ब्रह्मपुरी मागे पडल्यावर म्हणाला, "तिथी बोलाले पाहिजे होतं मी."

"तिथी कायले? दुकानात बोलाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "थोडंफार म्हटलं तुम्ही."



दुसऱ्या दिवशी सकाळी मंगरू, एक जुनं गिऱ्हाईक, कुऱ्हाड घेऊन आला. पातं झिजलं होतं, तापवून वाढवायचं होतं. बिरजूने भट्टी फुलवली. पातं लाल झालं तशी भागीरथा पुढे आली, सांडशी उचलली आणि त्याच्या जागेवर बसली.

"फोटोत मारला ना. मारा."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बिरजूला बरं वाटलं असतं. त्याने घण उचलला. तरुणपणी मारला होता, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. ती हातोडीने जागा दाखवत होती, बरोबर, हवी तिथे. त्याचा घाव कधी बोटभर अलीकडे पडे, कधी पलीकडे. सतराव्या घावाला घण नीट उचलेना. पातं पुन्हा भट्टीत गेलं. तिच्या हातून तीन वेळा तापवून होणारं काम, सात वेळा तापवूनही पुरं झालं नाही. घामाने डोळे मिटत होते. दंडाची शीर फुगली होती, पण ते पाहायला तिथे कोणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं.

मंगरू इतका वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "बिरजूभाऊ, आज जागा बदलल्या काऊन?"

बिरजूने घण टेकवला. धाप लागली होती तरी थांबला नाही. "घण हिचाच हाय मंगरू. पहिल्यापासून. फोटोत मी खोटा उभा राह्यलो. हिले टाकीमागं उभं केलं."

एवढं बोलायला त्याला दोन महिने लागले होते. मंगरू काहीतरी म्हणेल, निदान चकित होईल, असं त्याला वाटलं.

"ते तर माहीत हाय, भाऊ," मंगरू म्हणाला. "पेपरात फोटो आला त्या दिवशी आख्ख्या बाजारानं पाह्यला. हसले लोकं. तुमच्यासमोर कोणी विषय काढला नाई, एवढंच."

बिरजू खाली पाहत उभा राहिला. या दोन महिन्यांत दुकानात आलेलं एकेक गिऱ्हाईक त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. सगळ्यांनी त्याला रामराम केला होता आणि सगळ्यांना माहीत होतं. लोक हसत होते हे भागीरथालाही माहीत असणार. तिने घरी एक अक्षर काढलं नव्हतं.

भागीरथाने पातं उलटसुलट करून पाहिलं. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, मधे वाकलेलं.

"हे गिऱ्हाइकाले द्याचं नाई," ती म्हणाली आणि पातं पुन्हा कोळशात खुपसलं.

मंगरूने घाई नाही असं सांगितलं आणि दारातल्या दगडावर बसला. बिरजूने हात धोतराला पुसले. या वेळी त्याने एक हात दांड्यावर वर सरकवून धरला आणि पातं लाल होण्याची वाट पाहत उभा राहिला.