अमुन, रा आणि शेजारची खुर्ची

आमच्या ह्यांना इजिप्तचं भारी वेड. लोक रिटायर झाल्यावर काशीला जायचं म्हणतात, ह्यांचा बेत कैरोचा. आम्ही राहतो त्या परदेशातल्या गावच्या, हर्नडनच्या लायब्ररीत शनिवारी सकाळी इजिप्तच्या देवांवर क्लास आहे कळल्यावर मला न विचारता दोघांची नावं घालून मोकळे झाले. मी म्हटलं, घरातल्या देवांना फूल वाहायला तुम्हाला वेळ नाही आणि परक्या देवांची चौकशी कशाला?

क्लास सुरू व्हायच्या आधीच हे गेले. झोपेतच. सगळ्यांना फोन मुलाने केले. हे गेले, एवढं एक वाक्य मी स्वतःच्या तोंडाने कुणापुढे बोललेच नव्हते. मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सांता क्लाराला असतो. तो म्हणाला, आई, घर विक आणि इकडे ये. मी नाही म्हटलं आणि हट्टाने क्लासला गेले, हायवे टाळून, आतल्या रस्त्यांनी, जीव मुठीत धरून.

या देशात बाहेर बोलायचं खातं ह्यांचं. बँक, डॉक्टर, पार्टी, कुठेही हेच दोघांच्या वतीने बोलायचे आणि मी मान हलवायची. मराठीत मी कुणाला हार जाणारी नाही, पण इंग्रजी म्हटलं की तोंडात मूग.

पहिल्या दिवशी सवयीने पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली. हे मला दाराशी सोडून गाडी लावायला जायचे, तोवर जागा धरायचं काम माझं. पांढऱ्या केसांच्या एका बाईने विचारलं, इथे कुणी आहे का? मी बोलून गेले की नवरा गाडी पार्क करतोय. झालं! ती बिचारी तासभर दाराकडे बघत होती. पुढच्या शनिवारी पर्स पुन्हा तिथेच. ती पर्सकडे बघून पलीकडच्या खुर्चीवर बसली.

त्या दिवशी प्रोफेसरांनी अमुन-रा शिकवला. अमुन म्हणजे लपलेला, रा म्हणजे उघड तळपणारा सूर्य. दोघे एक झाले, पण कुणी कुणाला गिळलं नाही. एकट्या अमुनचीही पूजा चालूच राहिली. मला हसू आलं. आमच्या घरात लपलेलं कोण आणि तळपणारं कोण, हे सांगायला प्रोफेसर कशाला हवा? आणि काय झालं कोण जाणे, माझा हात वर गेला. म्हटलं, माझ्या माहेरचा खंडोबा असाच आहे. मार्तंडभैरव. मार्तंड म्हणजे सूर्य, भैरव म्हणजे शंकर. प्रोफेसर खूश. पुढच्या वेळी सगळ्यांना नीट सांगाल का, म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी वाटीत भंडारा घेऊन गेले. इंग्रजी मोडकंतोडकं, पण जेजुरीची पिवळी झालेली पायरी न् पायरी मी त्यांच्यापुढे उभी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. तो सांगायला वळले, तर खुर्चीवर पर्स.

मग प्रोफेसर पुढचं सांगू लागले. मावळलेला रा पाताळात जातो. तिथे मेलेला देव ओसायरिस असतो. रात्रीपुरते दोघे एक होतात आणि त्याच बळावर रा पहाटे पुन्हा उगवतो. कुणीतरी विचारलं, मग तो ओसायरिसला सोबत का आणत नाही? प्रोफेसर म्हणाले, त्याला येता येत नाही. रा एकटाच वर येतो.

तेराव्यालासुद्धा मी रडले नव्हते. तिथे, परक्या लोकांत, डोळ्यांना धार लागली.

मधल्या सुट्टीत ती बाई कॉफीचे दोन कप घेऊन आली. खुर्चीपाशी थांबली. तिच्या स्वरात थट्टा अजिबात नव्हती.

"अजून पार्किंग मिळालं नाही त्यांना?"

मी पर्स उचलून मांडीवर घेतली. भंडाऱ्याची बोटं पर्सच्या पट्ट्यावर उमटली.

"ते वारले," मी म्हटलं. "बसा तुम्ही इथे."