बुधवार-शुक्रवारचा खड्डा

“बुधवार आणि शुक्रवार,” असं म्हणत कारखानीस साहेबांनी माझ्याच ग्राफवर पेन आपटलं. “दर आठवड्याला दोनदा खड्डा. एशियन लाइनला नाही, फक्त त्या इथिओपियन बायकांना. आणखी काय पुरावा पाहिजे, मांगले?”

पुरावा मीच तयार करून दिला होता, हे खरं दुखणं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमची लाँड्री उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. दुबई-शारजाच्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल ट्रक भरभरून इथे धुवायला येतात. मी इथला इंडस्ट्रियल इंजिनिअर. म्हणजे मशीन दुरुस्त करणारा नव्हे. कोणतं काम, किती माणसांनी, किती वेळात होतं ते मोजणारा. हातात स्टॉपवॉच, बगलेत पॅड. इचलकरंजीच्या मागांवर सुरुवात केली, आता चोवीस वर्षं झाली. कामगारांना मी फारसा आवडत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

आमच्याकडे चादरींसाठी आयरनर असतात. आयरनर म्हणजे खोलीएवढी लांब इस्त्री. एका बाजूने दोघी ओली चादर लावतात, दुसऱ्या बाजूने दोघी घडी करून घेतात. अशा तीन-तीन आयरनरच्या दोन लाइन. पहिल्या लाइनवर नेपाळ, श्रीलंका, फिलिपिन्स आणि केरळच्या बायका. या सगळ्यांना साहेब एकाच पिशवीत घालून ‘एशियन’ म्हणत. दुसऱ्या लाइनवर चौदा इथिओपियन. या चौदा जणींचे व्हिसा दोन-अडीच महिन्यांत संपणार होते. दोन्ही लाइनची तुलना करून मी सही केलेला रिपोर्ट हेड ऑफिसला जायचा होता. लाइन टू कमी पडली तर चौदाही जणी घरी.

“अरे, सवयच नाही त्यांना,” साहेब म्हणाले. “आरामाची माणसं. आपल्यासारखी नाहीत.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. इंग्रजी मीटिंगमध्ये हे वाक्य त्यांच्या तोंडून कधीच आलं नसतं. पण साहेब पुण्याचे, मी इचलकरंजीचा. मराठीत बोलायला लागलं की माणसाला वाटतं आपण घरातच बसलोय.

“साहेब, कारण सापडल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“कारण दिसतंय की.”

“दिसतोय तो आकडा. मला पंधरा दिवस द्या.”

“पंधरा दिवस. मग खलास.”

जागेवर आलो आणि सरासरी बाजूला ठेवून एकेकीचे आकडे काढले. हे आधीच करायला हवं होतं. अकरा जणी बुधवारी आणि शुक्रवारी जेवणानंतर घसरत होत्या. तिघी अजिबात घसरत नव्हत्या. देश तोच, लाइन तीच, मशीनही तीच. आळस जर देशाचा असेल तर या तिघींना तो कसा काय चुकला? नावं पाहिली. फातुमा, झेहरा आणि हवा. तिघी मुसलमान होत्या.

पुढच्या बुधवारी दुपारी मी मेसमध्ये जाऊन बसलो. प्लांटच्या मागेच बायकांचं अकोमोडेशन आणि त्याला लागून मेस. त्या तिघी चिकन बिर्याणी खात होत्या. उरलेल्या अकरा जणींच्या ताटात कोरडा खुबूस, म्हणजे इथली पाव-रोटी, आणि बाजूला काळा चहा.

“नखरा है साब,” स्वयंपाकी बशीरभाई म्हणाला. “बुधवार-शुक्रवार को छूते नहीं. बाकी दिन प्लेट चाट के साफ.”

मी अल्माझला बोलावलं. ती लाइन टूची लीडर. तिशीची, उंच, कमी बोलणारी. आधी एका व्हिलात घरकामाला होती. तिथून सुटून आमच्याकडे आली, त्याला चार वर्षं झाली होती. हिंदी इथेच शिकलेली.

“सर, फास्टिंग,” ती म्हणाली. “बुधवार, शुक्रवार. चर्च का. सुबह कुछ नहीं. लंच में खाते हैं, लेकिन ये नहीं.” तिने चिकनच्या पातेल्याकडे हात केला.

“बोला क्यों नहीं?”

“बोला था. दो साल पहले. सुपरवायजर बोला, कंपनी होटल नहीं है.”

म्हणजे या बायका सकाळपासून उपाशी, दुपारी कोरडी रोटी खाऊन तापलेल्या आयरनरसमोर उभ्या राहत होत्या, आणि मी पाच हात लांबून त्यांच्यावर स्टॉपवॉच लावत होतो. मला माझाच राग आला. पण त्याचबरोबर थोडा आनंदही झाला, कारण उपवास हा माझा विषय. आईची चतुर्थी, बायकोचा सोमवार, माझी स्वतःची एकादशी. उपवासाला काय लागतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

शारजात घरी येऊन मंजिरीला सांगितलं. तिने लगेच साबुदाण्याचा डबा काढला. “अकरा जणी म्हणजे दोन किलो तरी लागेल,” ती म्हणाली.

आमची मुलगी सई युनिव्हर्सिटीत आहे. तिने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, “बाबा, डिड यू इव्हन आस्क देम व्हॉट दे ईट?”

“उपवासाला काय खातात हे मला विचारावं लागतं होय?”

“ओके, बाबा,” ती म्हणाली. हे ‘ओके’ मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शुक्रवारी मी दोन मोठे डबे घेऊन मेसमध्ये हजर. साजूक तुपातली खिचडी, शेंगदाण्याचं भरपूर कूट, वाडगाभर दही, केळी. बशीरभाईला दूधही तापवायला लावलं. अकरा जणी रांगेने आल्या. एकेकीने एकेक केळं उचललं, माझ्याकडे बघून मान लववली आणि जाऊन बसली. खिचडीला कोणी हात लावला नाही.

अल्माझने मला बाजूला घेतलं. “सर, ये सफेद क्या है?”

“साबुदाणा. फास्टिंग फूड.”

“घी है?”

“शुद्ध घी!” मी छाती फुगवून सांगितलं.

“घी नहीं चलता, सर. दूध नहीं. दही नहीं. जानवर से जो आता है, कुछ नहीं.”

“तो चलता क्या है?”

“राइस. दाल. सब्जी. ऑइल में.”

आमच्या उपवासाला डाळ-भात वर्ज्य आणि दूध-तूप हवं तितकं. यांच्या उपवासाला दूध-तूप वर्ज्य आणि डाळ-भात हवा तितका. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. अल्माझ हसू दाबत होती, मग तिला ते दाबता आलं नाही, आणि मग मलाही नाही. खिचडी शेवटी लाइन वनच्या नेपाळी बायकांनी संपवली आणि रेसिपी मागितली.

पण डाळ तर मेसमध्ये रोज असते. मी बशीरभाईकडे गेलो.

“दाल में तड़का किसका?”

“देसी घी का, साब. क्वालिटी!”

बस, एवढंच होतं. फोडणी द्यायच्या आधी एक पातेलं बाजूला काढायचं आणि त्याला तेलाची फोडणी. शेजारी भात आणि एक भाजी. दोन वर्षांपूर्वी सुपरवायजरने दोन मिनिटं ऐकलं असतं तर दोन वर्षांचा खड्डा पडलाच नसता. पुढच्या बुधवारी तेलाची डाळ आली आणि ग्राफ सरळ. शुक्रवारीही सरळ. मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

“दोन दिवसांच्या डेटावर काय ठरतं?” ते म्हणाले. “आणि आता यांचा जवळजवळ दोन महिन्यांचा उपवास सुरू होतोय म्हणे. सुपरवायजर सांगत होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! एक काम कर. त्यातलेच पंधरा दिवस मोज. पडल्या, तर पुन्हा विषय काढायचा नाही.”

बातमी खरी होती. त्यांच्या ईस्टरआधी पंचावन्न दिवस रोज तोच नियम. सकाळी उपाशी, मग दूध-मांसाशिवाय. मी अल्माझला म्हटलं, तुझी इच्छा असेल तर मी भांडून तारीख पुढे ढकलतो.

“नहीं सर. आप गिनो. रोज गिनो.” मग ती म्हणाली, “लेकिन सब गिनो.”

“सब मतलब?”

तिने गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्यावर ‘हेल्पर’ लिहिलं होतं. “लाइन वन का कार्ड देखो. ऑपरेटर. मशीन सेम, चादर सेम. हमारा रूम आठ बेड. उनका छह. आप हमारा हाथ गिनता है, सर. ये कभी गिना?”

नव्हतं मोजलं. चोवीस वर्षं मी सेकंद मोजले आणि रोज समोर लटकणारं कार्ड एकदाही वाचलं नाही. मला तिच्यासमोर लाज वाटली, आणि ती लाज मी अजून विसरलेलो नाही.

पंधरा दिवस मोजलं. सकाळी, दुपारी, सुटीच्या आधी. फीडिंगला, म्हणजे चादर लावायला, उभ्या बायकांच्या कपाळावर घाम असायचा, पण हात थांबत नव्हते. पहिल्या आठवड्यात दोन्ही लाइन बरोबरीने चालल्या. दुसऱ्या आठवड्यात लाइन टू थोडी पुढे गेली. अल्माझ रोज सुटी झाली की माझ्या पॅडमध्ये डोकावायची आणि निघून जायची.

त्याच दिवसांत मी बाकीचंही मोजलं. लाइन वनच्या बायका काही सुखात नव्हत्या. नेपाळच्या बीनाला इथे आणणाऱ्या एजंटचा हप्ता अजून चालूच होता. पण बीनाचा भाऊ अजमानला आहे, मावशी दुबईत. पहिल्याच महिन्यात भावाने तिला सांगितलं होतं की पासपोर्ट कोणाला ठेवायला द्यायचा नाही आणि कार्डवर काय लिहिलंय ते नीट बघायचं. केरळच्या बायकांचं तर अख्खं गावच इथे आहे. मी स्वतः आलो तेव्हा मामेभाऊ एअरपोर्टवर गाडी घेऊन उभा होता. अल्माझला घ्यायला एक ड्रायव्हर आला होता आणि त्याने तिला थेट व्हिलाच्या मागच्या दारात सोडलं. चौदा जणींपैकी बहुतेकींची गोष्ट तीच. विचारायला कोणी नाही, सांगायला कोणी नाही. म्हणून समोर आला त्या कागदावर सही केली. त्यातून ‘हेल्पर’ची ग्रेड आली आणि ‘ऑपरेटर’पेक्षा महिन्याला अडीचशे दिरहम कमी. आपले सहा हजार रुपये. काम तेच.

रिपोर्ट दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर ग्राफ. दुसऱ्या पानावर कार्ड, खोल्या, ग्रेड, आणि डाळीची फोडणी.

साहेबांनी दुसरं पान चिमटीत धरलं. “हे काय आहे?”

“तुलना. तुम्हीच करायला सांगितली होती.”

“प्रॉडक्टिव्हिटीची. समाजकार्य नाही सांगितलं.”

“साहेब, दोन आयरनर कम्पेअर करताना आपण आधी दोन्हींची वाफ सारखी करतो. माणसांना तेवढी तरी सवलत देऊ.”

“पान काढ, मांगले. तुझं सीनियर मॅनेजरचं लेटर माझ्या ड्रॉवरमध्ये तयार पडलंय. आपला माणूस म्हणून सांगतोय.”

हे ‘आपला माणूस’ ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. “आपला माणूस म्हणूनच मागच्या महिन्यात तुम्ही मला ते आरामाच्या माणसांचं ऐकवलंत. इंग्रजीत ऐकवलं नसतंत. लेटर राहू द्या ड्रॉवरमध्ये. गेली तर दोन्ही पानं जातील.”

“मी पहिलंच पाठवीन. काय करशील?”

“पाठवा. पण सही त्यावर नाहीये.”

त्यांनी पान उलटून पाहिलं. माझी सही आणि शिक्का दुसऱ्या पानाच्या तळाशी होता. दोन्ही पानांवर ‘एकूण पानं दोन’ असं छापलेलं. हेड ऑफिस सहीशिवाय रिपोर्ट घेत नाही. व्हिसाची मुदत डोक्यावर आलेली, आणि चौदा जणींशिवाय लाइन टू बंद. साहेबांनी दोन्ही पानं परत एकत्र जुळवली. मग म्हणाले, “यल्ला, चल, जा.”

दोन्ही पानं गेली. चौदाही व्हिसा रिन्यू झाले. इन्स्पेक्शनच्या भीतीने आठवड्याच्या आत खोल्यांतले जादा बेड बाहेर आले. ग्रेडचं मात्र घोडं अडलं. हेड ऑफिसने एकच कार्ड बदललं, अल्माझचं. लाइन लीडर ‘हेल्पर’ म्हणून कागदावर बरी दिसत नाही, एवढंच कारण. बाकीच्या तेरा जणी हेल्परच राहिल्या.

कार्ड मिळालं त्या दिवशी अल्माझ ते घेऊन माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, थँक यू म्हणायला आली असेल. तिने कार्ड टेबलावर ठेवलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “वन. थर्टीन बाकी, सर.”

तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टला ते दुसरं पान असतं. ग्राफ चादरींचा असो, टॉवेलचा असो की पाण्याच्या बिलाचा. साहेब दर वेळी कपाळाला आठ्या घालतात आणि दर वेळी ते पान पुढे पाठवतात. माझं लेटर अजून ड्रॉवरमध्येच आहे. मागच्या तिमाहीत आणखी दोन कार्डं बदलली. बाकी अकरा.

नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना मी दोनच गोष्टी सांगतो. मोजायच्या आधी विचारा. आणि सही नेहमी शेवटच्या पानावर करा.