गोळ्या माझ्या, सत्कार त्याचा

सत्काराचं ताट माझ्या हातात दिलतं. शाल, नारळ, गुच्छ. कॉलेजच्या सेमिनारमधी संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचा सत्कार, तोबी त्यानं भाषण करायच्या आधीच. कशाबद्दल? बॅटरीतल्या मँगनीज ऑक्साइडवरच्या संशोधनाबद्दल. आन् संशोधन कुणाचं? नांदूरघाटहून एसटीनं येऊन पावडर खलात घोटली मी. साच्यात दाबून गोळ्या केल्या मी. भट्टीत भाजल्या, दोन्ही अंगांना चांदीचा लेप लावला, तापवत तापवत वीज किती जाती ते वहीत लिहिलं, तेबी मीच. आमचे गाईड सर म्हणलते, "तू गोळ्या झकास करतीस. ऊसतोड्याची पोरगी, हाताला कामाची सवय हाय. बोलायचं त्याला बोलू दे."

जळले मी. उगं खोटं कशाला बोलू? त्याच्या इंग्रजीवर जळले. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आई-बापावर जळले. माझे आई-बाप कारखान्याकडं, उसाच्या फडात. लेक काय मोजती ते बघायला त्यांना कोण बोलावतंय?

त्यानं माझा आलेख पडद्यावर लावला. बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "तापवल्यावर वाहकता वाढली. का?"

"मँगनीज धातू आहे ना मॅडम. धातू तापला की वीज जास्त वाहते."

अगं आई गं! धातू तापला की वाहकता घटती, हे बारावीतच शिकवतेत. सर माझ्याकडं वाकून पुटपुटले, "चिठ्ठीवर लिहून दे गं त्याला, पटकन."

पेन होता. उत्तरबी होतं. मी उठले.

"चिठ्ठी न्हाई देणार सर. ज्यांनी विचारलं त्यांनाच सांगते. मॅडम, ह्यात इलेक्ट्रॉन धातूतल्यासारखा मोकळा न्हाई. बाजंवर माणूस बसलं की दोऱ्या खाली जातात, तसा तो आजूबाजूचे अणू सरकवून स्वतःच्याच खड्ड्यात बसतो. उष्णता मिळाली तरच उडी मारून शेजारच्या मँगनीजवर जातो. जास्त उष्णता, जास्त उड्या."

मॅडमनी मान हलवली. पहिल्या रांगेतल्या कुणी मागं वळून बघितलं न्हाई.

सरांनी नंतर प्रयोगशाळेत गाठलं. "लई शहाणी झालीस. तुझ्या प्रबंधावर सही कोण करतं ते बघतो."

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं पावडरीची बाटली माझ्यापुढं केली, जणू काही झालंच न्हाई. मी म्हणलं, "तुझी तू घोट."

जळणं गेलं न्हाई. त्याला बघितलं की आजबी जीव जळतो. जळू द्या. माझ्या गोळ्यांवरचा लेख छापायचा तर पहिलं नाव माझं, न्हाईतर माझ्या वहीतला एकबी आकडा मिळणार न्हाई. सर, सही करा न्हाईतर करू नका.